अडीच फुटी रुळांवरची रविवारची गाडी : नागपुरात जुनी गाडी उभी कशी करायची आणि चालती कशी ठेवायची

नागपूरला ट्राम नव्हती. मुंबईत ती १८७४ साली घोड्यांमागे आली, १९०७ मध्ये विजेवर गेली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. आपल्या वाट्याला आली ती ‘छोटी लाइन’, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली नॅरोगेज रेल्वे. एक इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जायची, दुसरी सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याचा घाट चढायची. छिंदवाड्याची २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. त्या जागी मोठे रूळ हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण भिवापुरी मिरचीच्या पोत्यांवर बसून इतवारीला उतरलेली माणसं अजून आपल्यात आहेत, आणि त्यांच्या नातवंडांना ती गाडी चालताना दाखवता येते, एवढं मला अनुभवाने माहीत आहे.

आम्ही दहा-बारा जण उमरेड रस्त्याला एका मित्राच्या जागेत सव्वाशे मीटर रुळावर एक जुना छोटा डबा चालवतो. माझे वडील रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे हत्यारांची ओळख घरातून होती, बाकी सगळं चुकत चुकत शिकलो. असं काही करावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे. डबा रेल्वेचा असो की ट्रामचा, काम बहुतेक सारखंच आहे. नाशिकची जुनी ट्राम (१८८९) आपल्या छोट्या लाइनसारखीच अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची होती, आणि तिचे सल्लागार अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनीच पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली.

पहिलं काम : माणसं आणि कागद

जगात हे काम स्वयंसेवकांनीच केलेलं आहे. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवतात, अशी ती जगातली पहिली. इंग्लंडमध्ये १९४८ साली काही ट्रामप्रेमींनी साउदॅम्प्टनची ४५ क्रमांकाची ट्राम १० पौंडांना विकत घेतली आणि त्यातून पुढे क्रिचचं राष्ट्रीय ट्राम संग्रहालय उभं राहिलं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावाची २१ क्रमांकाची बर्नी ट्राम (एकट्या चालकाने चालवायची छोटी ट्राम) १९१९ ची. १९५१ मध्ये सेवा बंद पडल्यावर ती बागेत उघड्यावर ठेवली होती. १९७७ मध्ये लोकांनी दुरुस्ती हाती घेतली, १९८४ मध्ये ती रुळावर आली, आणि अजून उन्हाळ्यातल्या सुट्ट्यांच्या दिवशी तिथले स्वयंसेवक ती चालवतात. दुरुस्तीला सात वर्षं लागली, चालवणं चाळीस वर्षांहून जास्त चाललं आहे. कामाची वाटणी करताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवा. दुरुस्तीला उत्साहाने येणारे पुष्कळ मिळतात. दर रविवारी सकाळी सातला ऑइलचा डबा घेऊन हजर राहणारे चार जण मिळेपर्यंत गाडी विकत घेऊ नका.

सुरुवातीच्या माणसांत एक सुतार, एक वेल्डर-फिटर, एक हिशेब लिहिणारा, एक कागदपत्रांच्या मागे लागणारा आणि रेल्वेतून निवृत्त झालेला एक तरी माणूस हवा. हा शेवटचा सगळ्यात मोलाचा. नागपुरात ते अवघड नाही. अजनी, मोतीबाग, इतवारी, बेझनबाग या भागांत असे काका सापडतात. त्यांना सल्लागार वगैरे पद देऊ नका. चहा द्या, खुर्ची द्या आणि त्यांच्या हातात नोंदवही द्या.

संस्था नोंदवायला सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात तिला धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावं लागतं. घटना लिहिताना एक कलम आवर्जून घाला : संस्था बंद झाली तर गाडी भंगारात न जाता अशाच दुसऱ्या संस्थेला किंवा संग्रहालयाला जाईल. हे सुरुवातीलाच लिहावं, कारण भांडण झाल्यावर यावर एकमत होत नाही.

कायद्याचा एक मुद्दा फार कमी लोकांना ठाऊक असतो. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये ‘रेल्वे’ची व्याख्या करताना दोन गोष्टी वगळल्या आहेत : पूर्णपणे महापालिका-नगरपालिका हद्दीत असलेली ट्राम, आणि प्रदर्शनाच्या मैदानात, जत्रेत, बागेत किंवा अशाच ठिकाणी केवळ मनोरंजनासाठी टाकलेले रूळ. आपण टाकलेले हे थोडेसे रूळ दुसऱ्या प्रकारात बसतात. म्हणून ही ‘प्रवासी वाहतूक’ आहे असं कुठेही लिहू नका आणि तशी करूही नका. पण यामुळे जबाबदारी सुटत नाही. जागा शेतीची असेल तर अकृषक वापरासाठी महसूल खात्याकडची पूर्तता, ग्रामपंचायतीची किंवा मनपाची लेखी परवानगी, लोक बसणाऱ्या सवारीसाठी जिल्हा प्रशासन आणि पोलीस ठाण्याकडे अर्ज, आणि तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा, एवढं हातात आल्याशिवाय एकही पाहुणा डब्यात बसवू नका. ओळखीच्या लोकांनाही नाही.

गाडी कोणती घ्यावी

रेल्वे आपली मोडीत काढलेली सामग्री ई-लिलावाने विकते. लॉटचे फोटो पाहून बोली लावू नका, पाहणीच्या दिवशी स्वतः जा. सोबत टॉर्च, सुई-टोचा, चुंबक आणि मोजपट्टी न्या. तळच्या पोलादी चौकटीवर हातोडीने हलके ठोकत चला. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत गंज आहे. लाकडी खांबांची खालची वीतभर जागा टोच्याने तपासा. डबा कुजतो तो नेहमी तिथूनच, कारण वरचं सगळं पाणी तिथे येऊन थांबतं.

मापाची चूक महाग पडते. माथेरान आणि दार्जिलिंगचे रूळ दोन फुटी, म्हणजे ६१० मिलिमीटरचे. कालका–शिमला आणि आपला सातपुडा ७६२ चे. ‘नॅरोगेजची चाकं आहेत’ एवढ्या बोलण्यावर पैसे देऊ नका.

लहान घ्या. सहा-सात टनांचा चार चाकी डबा बारा माणसांच्या हाताखाली राहतो. इंजिनाचा मोह मी समजू शकतो. वाफेचं इंजिन म्हणजे बॉयलर, आणि बॉयलर म्हणजे त्याची वेगळी तपासणी, प्रमाणपत्रं, दाबाच्या चाचण्या आणि वर्षानुवर्षं पुरेल असा पैसा. इंजिन पाहायचं असेल तर २००२ साली सुरू झालेलं मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आपल्याच गावात आहे. तिथे मुलांना न्या. तुमच्या डब्याला मात्र ओढायला दुसरी सोय करा, ती पुढे सांगतो.

आधी छप्पर

आम्ही डबा आणला तो फेब्रुवारीत. उत्साहात महिन्याभरात एक बाजू घासून रंगवलीसुद्धा. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका ते पाहायला आले, डब्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “पहिले छत पाहा भाऊ, मंग रंग.” आम्ही ताडपत्री टाकली आणि पुढे गेलो. जूनमधल्या पहिल्या वादळात ताडपत्री फाटली, आणि सप्टेंबरपर्यंत रंगवलेली बाजू आतून फुगून सुटली. केलेलं काम वाया गेलं.

म्हणून शेड आधी. डब्यापेक्षा दोन्ही टोकांना तीन मीटर लांब आणि दोन्ही बाजूंना माणूस पाटी घेऊन फिरेल एवढी रुंद. पत्र्याची चालेल, पण नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली लाकूड भट्टीत ठेवल्यासारखं सुकतं, म्हणून छताच्या कडेला हवा जायला जागा ठेवा आणि पश्चिमेची बाजू हिरव्या जाळीने झाका. जमीन सिमेंटची नसली तरी चालेल, डब्याखाली मात्र पाणी साचता कामा नये. वाळवीसाठी शेडभोवतालच्या जमिनीत औषध मारून घ्या आणि सुटं लाकूड कधीही मातीवर टेकवू नका.

उघडण्याआधी लिहा

एकही स्क्रू काढण्यापूर्वी डब्याचे चारी बाजूंनी, वरून, खालून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. मग प्रत्येक भागाला क्रमांक. आम्ही ॲल्युमिनियमच्या छोट्या पट्ट्यांवर आकडे ठोकून तारेने बांधले. कागदी चिठ्ठ्या उंदीर खातात, पेनची शाई घामाने पुसते. स्क्रू आणि बोल्ट ज्या भागाचे, त्याच भागाच्या पिशवीत. जुने बोल्ट इंचाच्या मापाचे असतात आणि त्यांचे आटे आजच्या मिलिमीटरच्या नटाला बसत नाहीत, म्हणून तुटलेला बोल्टसुद्धा नवा करून घेताना नमुना म्हणून लागतो. इतवारीच्या लोहाओळीत जुना बोल्ट दाखवला की निदान कुठे मिळेल ते तरी कळतं.

मूळ रंग कोणता होता हे विचारण्यापेक्षा डब्यालाच विचारा. आडोशाची एक जागा निवडा, म्हणजे बाकाच्या मागची किंवा पाटीखालची. तिथे रुपयाएवढ्या गोलात ओला पॉलिश पेपर हळूहळू फिरवा, मध्यभागी जास्त, कडेला कमी. झाडाच्या खोडातल्या वळ्यांसारखे रंगाचे थर एकाबाहेर एक उघडतात. आमच्या डब्यात असे पाच थर निघाले. सगळ्यांचे उन्हात फोटो घेऊन ठेवले, आणि तो गोल तसाच ठेवून त्यावर वार्निश मारलं. आज शाळेची मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबतात.

एक धोका गंभीरपणे घ्या. जुन्या रंगात शिसं असतं आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरात किंवा उष्णतारोधक पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. कोरडं घासू नका, ग्राइंडर लावू नका, रंग जाळून काढू नका. पाणी मारत घासा, चांगला मास्क लावा, कामाच्या जागी खाणंपिणं बंद, कामाचे कपडे घरी नेऊन मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. ॲस्बेस्टॉसची शंका आली तर हात न लावता जाणकाराला बोलवा. रंग काढण्याच्या दिवशी लहान मुलांना शेडमध्ये येऊ द्यायचं नाही, हा आमच्याकडे न मोडला जाणारा नियम आहे.

लाकूड

विदर्भात आहोत हे इथे उपयोगी पडतं. सागवानाचं आपल्याइतकं जवळचं घर दुसरं नाही : आलापल्लीचं जंगल, बल्लारपूरचा डेपो. जुन्या इमारतीतून निघालेलं सागवान मिळालं तर नव्यापेक्षा चांगलं, कारण ते पुरतं सुकलेलं असतं. त्यातले खिळे मात्र चुंबकाने शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं पहिल्याच फटक्यात जातं.

सगळं बदलायचं नाही. हे सुताराला समजावण्यात आमचा बराच वेळ गेला, कारण नवं करून देणं त्याच्यासाठी सोपं आणि स्वस्त. पण अख्खा खांब बदलला की उरते ती प्रतिकृती. खांबाचा कुजलेला भाग कापून तिथे तिरपा सांधा करा. सांध्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या आठपट धरा, म्हणजे ५० मिलिमीटर जाड खांबाला ४०० मिलिमीटर. दोन्ही उतार एकमेकांवर असे बसले पाहिजेत की मध्ये कागद जाणार नाही. नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला वर्ष कोरून ठेवा, पुढच्या माणसाला जुनं-नवं ओळखता येईल.

आता हवामान. मे महिन्यात आपल्याकडे लाकूड आक्रसतं, ऑगस्टमध्ये फुगतं. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार ऑगस्टमध्ये उघडत नाही, आणि ऑगस्टमध्ये नीट बसलेली फळी मे महिन्यात फट दाखवते. म्हणून मापाची जोडणी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात करा. रुंद फळ्या खाचेत मोकळ्या बसवा, खिळ्याने चारी बाजूंनी जखडू नका. खिडक्यांच्या चौकटींना दोन्ही बाजूंनी थोडी जागा सोडा. छोट्या लाइनच्या डब्यांच्या खिडक्या खडखडतात त्या याच सोडलेल्या जागेमुळे, आणि ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केला त्यांना तो आवाज ऐकताच ती आठवते. आम्ही तो मुद्दाम तसाच ठेवला.

छतावर फळ्या, त्यावर जाड कॅनव्हास. कॅनव्हास ओल्या दाट रंगात बसवतात आणि वरून पुन्हा रंगाचे हात देतात. मध्यापासून कडेकडे ताणत न्या, दोन माणसं दोन बाजूंनी. एकट्याने करू गेलात तर सुरकुत्या राहतात, आणि सुरकुतीतच पाणी मुरतं.

चाकं, अ‍ॅक्सल, ब्रेक

लाकडात चूक झाली तर डबा कुरूप दिसतो. इथे चूक झाली तर माणूस जखमी होतो. त्यामुळे या भागात घरगुती हुशारी नको.

डबा उचलायला चार जॅक आणि भरपूर लाकडी गुटके. नियम असा : जॅक जेवढा वर जाईल तेवढे गुटके लगेच खाली सरकवायचे, आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या डब्याखाली कोणीही हातसुद्धा घालायचा नाही. एक टोक उचलताना दुसऱ्या टोकाच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी.

चाकजोडी बाहेर आली की दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर परिघावर तीन ठिकाणी मोजा, चाक एक तृतीयांश फिरवत. तिन्ही मापं सारखी हवीत. फरक आला तर अ‍ॅक्सल वाकलेला आहे किंवा चाक सरकलं आहे. फ्लँजची, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूच्या उंच काठाची, कड धारदार झाली असेल तर ती रुळाच्या सांध्यावर चढू शकते. अ‍ॅक्सलला अल्ट्रासॉनिक चाचणी अवश्य करून घ्या. भेग बहुतेकदा चाकाच्या बैठकीच्या आत असते, डोळ्यांना दिसत नाही. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत अशी चाचणी, खरादकाम आणि बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतणारे कारागीर शोधता येतात. चाचणीचा कागद फाइलमध्ये ठेवा आणि तारीख डब्याच्या चौकटीवर रंगाने लिहा, रेल्वे लिहिते तशी.

जुन्या साध्या बेअरिंगचं सगळं आयुष्य तेलावर. अ‍ॅक्सल बॉक्समधली (चाकाच्या आसाच्या टोकाला असलेल्या बेअरिंगच्या पेटीतली) तेलाची गादी पावसाळ्यात पाणी शोषते, म्हणून सप्टेंबरअखेर ती काढून, पिळून, ताज्या तेलात भिजवून परत घाला. गाडी चालवताना प्रत्येक तिसऱ्या फेरीनंतर चारही बॉक्सचं तापमान बघा. एक बाकी तिघांपेक्षा स्पष्टपणे गरम लागला की त्या दिवसाचं काम संपलं.

ब्रेक दोन हवेत, एकमेकांवर अवलंबून नसलेले. हाताने फिरवायचा स्क्रू ब्रेक प्रत्येक डब्यात, आणि ओढणाऱ्या गाडीचा वेगळा. बर्नी ट्राममध्ये चालकाचा हात दांड्यावरून सुटला की वीज तुटून ब्रेक लागत असे, कारण ती एकट्या माणसाने चालवायची गाडी होती. इंजिनाऐवजी डबा ओढायला आम्ही रुळावरचा, बॅटरीवर चालणारा छोटा ट्रॅक्टर वापरतो, त्यालाही असा दाबून धरायचा दांडा बसवणं अवघड नाही. आम्ही बसवला.

ओढण्याचं गणित साधं आहे. जुन्या बेअरिंगवरचा डबा सपाटीला टनामागे साधारण दहा किलोच्या जोराने हलतो. सात टनांना सत्तर किलो, म्हणजे चार-पाच माणसं ढकलू शकतात. ताशी आठ किलोमीटरने ओढायला दीड किलोवॉटच्या आसपास ताकद पुरते. आम्ही तीन किलोवॉटची मोटर घेतली, ई-रिक्षाच्या जातीच्या बॅटऱ्या लावल्या आणि ट्रॅक्टरवर वजनासाठी लोखंड टाकलं, कारण हलका असेल तर चाकं जागीच फिरतात. खरी ट्राम हाती लागली आणि वरच्या तारेवर चालवायची असेल तर ते ५५०–६०० व्होल्टचं, एकदिश प्रवाहाचं काम आहे. त्यात पडलेली ठिणगी घरगुती विजेसारखी सहज विझत नाही. परवानाधारक विद्युत अभियंता आणि विद्युत निरीक्षकाची तपासणी याशिवाय तिकडे वळू नका. जुनी मोटर आधी नीट वाळवून मेगरने (वीज कुठे गळते का ते दाखवणाऱ्या यंत्राने) तपासा, विशेषतः पावसाळा पाहिलेली असेल तर.

रूळ : काळी माती आणि ऊन

नागपूरच्या आसपास पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर सरळ गिट्टी टाकून रूळ बसवलेत तर पहिल्याच पावसात गिट्टी मातीत जाते आणि रूळ लाटेसारखे दिसू लागतात. कमीत कमी दीड-दोन फूट माती काढा, मुरूम थरांत टाकून पाणी मारत रोलरने दाबा, त्यावर गिट्टी. दोन्ही बाजूंना नाली. नालीला उतार आणि पाणी बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ती पाणी साठवणारी टाकी होते. माझं मत विचाराल तर रुळाच्या खर्चातला अर्धा पैसा रुळाखाली गेला पाहिजे.

उतार जवळजवळ नकोच. भारतीय रेल्वे स्थानकाच्या आवारात ४०० ला १ पेक्षा जास्त उतार टाळते, म्हणजे मीटरला अडीच मिलिमीटर. १०० ला १ एवढ्या उतारावर ब्रेक सोडलेला डबा आपोआप चालू लागू शकतो, आणि डोळ्यांना तो उतार दिसतसुद्धा नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी मोजतात तसं मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना बफर (गाडी अडवणारे ठोकळे), आणि डबा उभा राहतो तिथे रुळाला कुलूपबंद अडथळा.

उन्हाचं गणित प्रत्येकाने एकदा स्वतः करावं. पोलाद एका अंशाला मीटरमागे ०.०११५ मिलिमीटर वाढतं. जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असलेला रूळ मेच्या दुपारी ६० अंशांवर गेला तर १३ मीटरचा तुकडा साडेसात मिलिमीटर लांब होतो. सांध्यात ती जागा सोडलेली नसेल तर रूळ आडवा वाकतो. म्हणून रूळ टाकताना थर्मामीटर रुळाला लावून ठेवा : थंडीत टाकत असाल तर फट मोठी, एप्रिलच्या दुपारी टाकत असाल तर जेमतेम. फिशप्लेटला (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला) ग्रीस लावा आणि बोल्ट इतके आवळू नका की रूळ सरकणारच नाही. दर शनिवारी एका माणसाने चावीवाल्यासारखं हातोडी आणि पाना घेऊन पूर्ण लाइन चालायची. दर पाच मीटरवर ७६२ चं माप, प्रत्येक सांध्यावर हातोडी. सव्वाशे मीटरला अर्धा तास लागतो.

चालवणं

इथून पुढचं खरं कठीण. दुरुस्ती रोज थोडी पुढे सरकताना दिसते, चालवणं दर आठवड्याला तेच. तेच तसंच करत राहण्याला शिस्त लागते.

नियमपुस्तिका लिहा, मराठीत, दहा पानांच्या आत. प्रत्येक नियम एका वाक्यात. सगळ्यांकडून सही घ्या. आमचा पहिला नियम : ज्याच्या हातात दंड, त्याचीच गाडी. लाल रंगवलेला फूटभर लांबीचा लाकडी दंड एकच आहे, आणि तो हातात असल्याशिवाय कोणीही लाइनवर काहीही हलवायचं नाही, हातगाडीसुद्धा नाही. रुळावर काम करणारा माणूस दंड स्वतःजवळ ठेवतो, म्हणजे त्याच्यावर गाडी येऊच शकत नाही. एकेरी मार्गावर रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या दंड आणि टोकन वापरले ते याच कारणाने.

चालक आणि गार्ड अशी दोन माणसं नेहमी. गाडी गार्ड सोडतो, चालक नाही. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, पण दारात पाय अडकलेलं मूल गार्डलाच दिसतं. शिकाऊ चालकाने आधी रिकामा डबा चालवावा, मग वाळूची पोती भरून. माणसं चढवायची ती त्यानंतर, वेगवेगळ्या दिवशी, आणि ओल्या रुळावरही एकदा. सगळ्यांचे डोळे दरवर्षी तपासा, लाल-हिरवा ओळखण्यासह. प्यालेल्या माणसाला, आणि रात्रपाळी करून झोप न झालेल्यालाही, त्या दिवशी तिकिटांच्या टेबलावर बसवा.

वेग ताशी १० किलोमीटरच्या आत. त्याचं कारण शिकाऊंना आकड्यांनी पटवा. १० च्या वेगाला, बेताचा ब्रेक लावून आणि एक सेकंद भान यायला धरून, गाडी साधारण साडेदहा मीटरमध्ये थांबते. २० च्या वेगाला तेच छत्तीस मीटर होतं. आम्ही रुळाशेजारी त्या अंतरांवर पांढरे दगड रोवले आहेत. समोर कुत्रं आलं तर नेमकं काय होईल ते दगड पाहून कळतं.

हंगाम आपल्या हवेप्रमाणे ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी. मार्चमध्ये फक्त सकाळी. एप्रिल ते जून बंद : तापलेल्या रुळावर गाडी नको आणि उन्हात माणसंही नकोत. पावसाळ्यात शेडमधली कामं, नाल्या, लाकडाची पाहणी. एक अपवाद आम्ही करतो. तान्ह्या पोळ्याच्या जवळच्या रविवारी मुलं आपापले लाकडी बैल घेऊन येतात आणि बैलांना डब्यात बाकावर बसवून फेरी मारतात. प्रत्यक्ष तान्ह्या पोळ्याला मात्र ठेवू नका. त्या दिवशी जुन्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, आणि इतवारी-महालातले स्वयंसेवक तुम्हाला मिळणार नाहीत.

तिकिटातून तेल, चहा आणि वीज निघते, चाकं निघत नाहीत. चाक, छत आणि रूळ यांचा निधी वेगळ्या खात्यात ठेवा आणि रंगरंगोटीसाठी कितीही मोह झाला तरी त्याला हात लावू नका. कुणी डब्यावर मोठी जाहिरात रंगवायच्या अटीवर पैसे देऊ केले तर नाही म्हणा. शेडच्या भिंतीवर फलक लावू द्या.

येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी दारापाशी लाकडी पायरी आणि एक वही ठेवा. उमरेडच्या एक आजी गेल्या डिसेंबरमध्ये आल्या. फेरी झाली तरी उतरेनात. म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदा नागपूर पाहिलं ते याच खिडकीच्या जाळीतून. त्यांनी बाकाची एक फळी दाखवली आणि सांगितलं, ही आडवी नव्हती, उभी होती. आम्ही जुने फोटो काढून पाहिले. त्या बरोबर होत्या. फळी आता उभी आहे, आणि वहीत त्यांच्या बोलण्याची नोंद आहे.

संध्याकाळी

शेवटची फेरी साडेपाचला. सगळे पाहुणे कुंपणाबाहेर गेल्याची गार्डने खात्री करायची. डबा शेडमध्ये, स्क्रू ब्रेक पूर्ण आवळून, चारही चाकांना पाचरी, रुळावरच्या अडथळ्याला कुलूप. बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून त्याची चावी काढून घ्यायची. अ‍ॅक्सल बॉक्सची झाकणं उघडून तेलाची पातळी पाहायची, खिडक्या वर करायच्या, बाकांखाली कोणाची चप्पल किंवा पाण्याची बाटली राहिली का ते बघायचं. मग नोंदवहीत तारीख, किती फेऱ्या, चालक-गार्ड कोण, चार बॉक्सची तापमानं आणि काही वेगळं ऐकू आलं असेल तर ते, कितीही बारीक असलं तरी. दंड खुंटीला लावायचा, आणि खुंटीच्या फळ्यावर पुढच्या शनिवारी लाइन चालायला कोण येणार, त्याचं नाव खडूने लिहायचं.